सातवं बेअरिंग

हैदराबादेतल्या गौलीगुड्याचे गुंडेराव बिरादार तीस वर्षं डब्यांच्या कारखान्यात प्रेसना ग्रीस देतात. परवा प्रेसवर आपोआप ग्रीस देणारा पंप बसला आणि साहेबाने त्यांच्या नावाने गेटवरच्या ड्युटीचा कागद काढला. मी युनियनचा माणूस, तावातावाने भांडायला गेलो, तर आमचे राव पंपासमोर उकिडवे बसलेले!

"राव, उठा, साहेब आत आहे!"

"ठैरो जी. हे बघू द्या आधी."

ते एकेका बेअरिंगला उलटा हात लावत गेले. सातवं तापलेलं होतं, पण पॅनेलवर दिवा हिरवाच.

"बाराही नळ्या स्वतंत्र. एक तुंबली तरी बाकीच्या चालतात, मग पंपाला कळणार कसं?"

पंपवाल्या फिटरला खोदून खोदून विचारून त्यांनी दुसरा प्रकार माहीत करून घेतला होता. त्यात ग्रीस पाळीपाळीने जातं. एक जागा अडली की सगळंच थांबतं आणि घंटा वाजते.

साहेब बाहेर आला तसं राव म्हणाले, "सातवं तापलंय, दिवा हिरवाच. पाळीपाळीचा पंप बसवा."

माझं डोकंच फिरलं. "अहो, स्वतःच्याच पोटावर पाय देताय?"

"हौले हो क्या? खुळ्यासारखं काय बोलता! घंटा नुसती ओरडणार. बारांतलं कुठलं अडलं, ते कोण शोधणार?"

साहेबाने सातव्याला बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि गेटचा कागद फाडला. रावांनी तोवर नळी सोडवायला पाना लावलासुद्धा.