चार अंशांचा चहा

टाकी नीट धुतली नव्हती म्हणून दूध नासलं, असं केंद्राच्या समितीनं केमिरेम्बेच्या नावापुढे रजिस्टरात लिहून टाकलं. रुशेरेच्या दूध केंद्रात अकरा वर्षं टाक्या सांभाळणाऱ्या बाईला! गवताची धुरी दिल्याशिवाय चरवी दुधाला न लावणाऱ्या अंकोलेच्या गुराखी मुलखातल्या लेकीला याहून घाणेरडी शिवी नाही. आता पुन्हा दूध नासलं की तिला घरी बसवणार होते.

पुरावा काय, तर टाकीचं तापमान दाखवणारा संगणकाचा पडदा. दूध नासलं त्या दुपारीही पडद्यावर चार अंशच होते. म्हणजे दूध थंड होतं, म्हणजे बाईच अस्वच्छ.

तिनं यंत्र बसवणाऱ्या कंपालाच्या इंजिनिअरला, सेन्योंगाला, फोन लावला. "न्याबो, अहो बाई, सिस्टिम ठणठणीत आहे. तुम्ही जरा साबण वापरा," म्हणून तो वर हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यंत्र बसवताना त्यानं टाइप केलेली ओळन् ओळ तिनं वहीत उतरवून घेतली होती. ती वही घेऊन ती केंद्रातल्या छोट्या लिनक्स संगणकापुढे बसली. ओळी ताडून पाहताना तिला गोम सापडली. तापमान वाचणारा प्रोग्राम मागच्या मागे चालायचा. वीज गेली आणि परत आली, की तो टाकीतल्या सेन्सरच्या तारेआधी जागा व्हायचा आणि तार सापडली नाही की जी मान टाकायचा ती कायमची. टाकीत दूध तापलं तरी पडदा बापडा शेवटचा आकडा दाखवत राहायचा. सेन्योंगासाहेबाच्या ऑफिसात जनरेटर, तिथं वीज जातेच कुठं! रुशेरेत दिवसातून तीनदा जाते.

दुसऱ्या दिवशी समिती चहाला बसली. केमिरेम्बेनं संगणकाचं बटण बंद केलं, परत चालू केलं आणि सेन्सर अध्यक्ष कटाबार्वांच्या वाफाळत्या चहात बुडवला. पडद्यावर चार.

"प्या, सेबो," ती अध्यक्षांना अदबीनं म्हणाली. "गार आहे."

"अहो, तोंड भाजेल की!"

"का? मशीन खोटं बोलतं? माझं नाव लिहिताना तर बोलत नव्हतं."

तिनं दोन ओळी टाइप केल्या: तार तयार होईपर्यंत थांब, पडलास तर पुन्हा ऊठ. बटण पुन्हा बंद, पुन्हा चालू. पडद्यावर एकसष्ट.

"शाब्बास, न्याबो!"

"शाब्बासकी राहू द्या. ते वाक्य खोडा."

"बघू की पुढच्या बैठकीत."

"लिहायला बैठक लागली नव्हती, सेबो."

तिनं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवलं. पूर्ण ओळ खोडली जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग रोजच्यासारखी टाकी धुवायला गेली.