चाक फिरावं, झाकण फिरू नये

महागावच्या बाजार समितीच्या आवारात जमनी फाटका बारदाना शिवायची. कापसाचे दिवस वाईट आले तसं तिचं काम उलट वाढलं होतं. नवी पोती घ्यायची कोणाची ऐपत राहिली नव्हती, जुन्यालाच ठिगळावर ठिगळ चालू होतं. व्यापाऱ्यांची माणसं पोत्यांचा ढीग आणून तिच्यापुढं टाकत आणि दाभण-सुतळी घेऊन ती दिवस मावळेपर्यंत टाके घाली. तिनं शिवलेलं पोतं पुन्हा फाटलंच तर दुसरीकडून फाटायचं.

लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. तांड्यात ती जमिनीवर हात टेकून, अंग ओढत फिरे. महागावला यायला मात्र तिच्याकडं हातानं पायडल मारायची तीनचाकी होती, कुठल्याशा शिबिरात मिळालेली. या तीनचाकीनंच तिचा जीव खाल्ला होता.

गाडीची मागची दोन मोठी चाकं बैठकीला अगदी चिकटून होती. बसलं की दोन्ही मांड्यांच्या बाजूला चाकाच्या तारा. आणि जमनी घालायची फेटिया, म्हणजे बंजारा बायांचा घेरदार घागरा, आरसे आणि टिकल्या लावलेला. घेर कितीही आवळून खोचला तरी तांड्याच्या रस्त्यावर चार हिसके बसले की सुटायचा, आणि सुटला की थेट तारांत.

एके दिवशी महागावला येताना फाट्याच्या अलीकडं तेच झालं. डाव्या चाकानं घेर असा गिळला की जमनी कमरेतून वाकडी झाली. चाक पुढं जाईना, मागं येईना. कापसाच्या बैलगाड्या बाजूनं निघून गेल्या. एक मोटारसायकलवाला थांबला, पण हात लावायला नाही.

"अवं बाई, गाऊन घालत जा ना," तो म्हणाला. "ह्या गाडीवर असा घागरा कायले पायजे?"

आणि निघून गेला. जमनीनं सुतळी कापायची सुरी काढली आणि आपल्याच फेटियाची किनार सोडवायला बसली. सुटेना, तेव्हा कापली. आई लालीबाईनं डोळे अधू व्हायच्या आधी शिवलेला तो शेवटचा फेटिया होता. आवारात पोचेपर्यंत उशीर झाला होता आणि ढीग दुसऱ्या बाईपुढं पडला होता.

गाऊन घाल, लुगडं नेस, सलवार घे. भावजय राखीपासून आवारातल्या हमालापर्यंत सगळ्यांचं हेच. चाकाचं काही करा, असं एकजण म्हणत नव्हता. सगळ्यांना चूक कपड्याचीच वाटायची.

शेवटी ती उमरखेड रोडवरच्या इंद्रजितच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. इंद्रजित हाताचा कारागीर माणूस होता, बैलगाडीच्या धुऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळं जोडायचा. पण समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या डोक्यात उत्तर तयार असायचं.

"भाऊ, चाकाले आतून झाकण पायजे," जमनी म्हणाली. "फेटिया तारांत जाऊन राह्यला. पण झाकण असं..."

"समजलं, समजलं. तारा झाकायच्या. कोणतं मोठं काम हाय!"

त्यानं जुन्या पिपाचा पत्रा गोल कापला आणि आतल्या अंगानं तारांनाच वायरनं आवळून टाकला. दिसायला झकास. जमनी म्हणाली, "हे तं चाकासंगं फिरन."

"फिरू दे ना! तारा झाकल्या ना? मंग?"

परतीच्या वाटेवर घेर सुटला आणि फिरत्या पत्र्याला घासला. पत्र्याची कडा त्याला ओढत बैठकीखालच्या नळीपर्यंत घेऊन गेली. आधी नुसता अडकायचा, आता चिरला. जमनी रस्त्यात बसून एकटीच शिव्या देत राहिली, आधी पत्र्याला, मग इंद्रजितला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात. "फिरणारं नको, भाऊ. चाक फिरावं, झाकण फिरू नये. जागेवर उभं राह्यलं पायजे."

हे ऐकून इंद्रजितला मात्र हुरूप आला. न फिरणारं झाकण! त्यानं कुठूनशी मोठी बेअरिंग पैदा केली आणि ती चाकाच्या मधल्या तुंब्यावर बसवली. बेअरिंगवर झाकण अडकवलं आणि झाकणाच्या खालच्या कडेला लोखंडाचा जड तुकडा जोडला. चाक उचलून त्यानं जोरात फिरवलं. चाक गरगर फिरत होतं आणि झाकण वजनानं खाली तोंड करून शांत उभं होतं. बाजूच्या पंक्चरवाल्यालाही बोलावून त्यानं ते दाखवलं.

"पाहा! वजनानं जागेवर राह्यते. आता बोला!"

जमनीला पाहून बरं वाटलं खरं. डांबरी रस्ताभर झाकण हललं नाही. पण तांड्याचा कच्चा रस्ता लागला आणि ते झुलायला लागलं. खड्डा आला की पुढं, धोंडा आला की मागं. एका हिसक्याला घेर त्याच्या कडेत गेला, त्या ओढीनं झाकणच अर्धं फिरलं आणि खालचा लोखंडी तुकडा वर येऊन तिच्या कोपराला लागला.

तिसऱ्यांदा ती दुकानात आली तेव्हा कोपर सुजलं होतं. इंद्रजितनं झाकण तपासलं, बेअरिंगला तेल दिलं आणि मान हलवली.

"झाकण एकदम बरोबर हाय, जमनीबाई. तुमी घेर नीट खोचत नसान."

जमनीनं सुजलेलं कोपर त्याच्यापुढं धरलं. इंद्रजितची बायको दीपमाला त्याचा डबा घेऊन आली होती. ती हे सगळं ऐकत उभी होती. तिनं जमनीला पाणी दिलं आणि शेजारी बसली.

"बाई, एक विचारू? राग नका मानू. लुगडं काहून नाही नेसत तुमी?"

सगळे सांगत आले होते, पण असं कोणी विचारलं नव्हतं.

"मी घरी हातावर चालतो, दीपमाला," ती म्हणाली. "अंग ओढत. लुगडं नेसलं तं उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जाईस्तोवर सुटते. गाऊन गुडघ्याखाली येते, मंग तोंडावर पडतो. सलवार नेसवाले माणूस लागते, अन् नाडी सोडवालेही. फेटियात माहे पाय झाकून राह्यते अन् मले कोणाले हाक मारा नाही लागत. आता गाडीसाठी मी हे सोडू?"

दीपमालानं नवऱ्याकडं पाहिलं. "ऐकलं का? झाकण बरोबर हाय म्हंता ना? मंग तुमीच बसून दाखवा."

इंद्रजित हसला. पण बायको हसत नव्हती. तिनं दुकानातल्या बाजेवरची चादर ओढली आणि त्याच्या कमरेला घागऱ्यासारखी गुंडाळली. जमनीला बाकड्यावर बसवलं. पंक्चरवाला, चहावाला, गिऱ्हाइकं, सगळी रस्त्यावर आली. इंद्रजित पाय आखडून तीनचाकीवर बसला आणि हातानं पायडल मारत निघाला. डांबरावर ठीक चाललं. त्यानं मागं वळून हातही हलवला. पुढं नालीच्या कडेला रस्ता उखडलेला होता. तिथं गाडी दणकली, झाकण झुललं, चादर आत गेली आणि इंद्रजित चादरीसकट आडवा झाला.

लोक पोट धरून हसले. जमनी हसली नाही. गुडघा झाडत तो परत आला आणि म्हणाला, "खरंच ओढते राजेहो."

"मी तीनदा सांगितलं ते खोटं," जमनी म्हणाली, "अन् तुमी एकडाव पडले ते खरं!"

तो खाली बसला आणि पहिल्यांदाच गाडी बारकाईनं पाहू लागला. मग त्यानं बोटानं दाखवलं. चाक फिरतं, पण ज्या आसावर ते फिरतं तो आस फिरत नाही. तो दोन्ही बाजूंनी नटांनी गाडीला आवळलेला असतो.

"झाकण चाकाचं नाही करा लागत," तो हळूच म्हणाला. "गाडीचं करा लागते."

बेअरिंग निघाली, वजन निघालं. झाकणाच्या मधोमध आसापुरतं भोक पाडून त्यानं ते आतल्या नटाखाली वायसर देऊन कसलं. तारांना लागू नये म्हणून मध्ये नळीचा छोटा तुकडा घातला. तरी नुसत्या नटावर झाकण फिरेल म्हणून वरून आणि मागून दोन लोखंडी पट्ट्या काढून गाडीच्या सांगाड्याला बोल्ट मारले. कडा आत दुमडली, म्हणजे कापड चिरणार नाही. दुसऱ्या चाकालाही तसंच केलं. जमनीनं आपल्या हातानं झाकण ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

दोन दिवसांनी लालसर रंग मारून गाडी तयार झाली. जमनी कापसाच्या बैलगाडीत बसून घ्यायला आली आणि तिचं डोकं पुन्हा भडकलं. दोन्ही झाकणांवर बाहेरून तारांतून वाचता येईल अशा ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इंद्रजित वेल्डिंग'.

"हे काय होय?"

"अवं, न फिरणारं हाय ना! गाडी पळते, नाव उभं राह्यते. सारा बाजार वाचन!"

"मी तुमची पाटी नाही. पुसा."

"पण जमनीबाई..."

"पुसा म्हणतो ना!"

रंग ओलाच होता. त्यानं नाखुशीनं घासलेटचं फडकं फिरवलं. अक्षरं गेली, पण पांढरा-तांबडा चिखल पसरला आणि वर चढताना त्यातला थोडा जमनीच्या फेटियाला लागला. तिनं डागाकडं पाहिलं, इंद्रजितकडं पाहिलं आणि पायडल मारलं.

फाट्याच्या पुढं कच्चा रस्ता लागला. हिसक्यांनी घेर सुटला. तिनं खोचला नाही, मुद्दामच. कापड पत्र्याला घासत राहिलं आणि बाहेरच राहिलं. पण दर खड्ड्याला एक पट्टी खडखडत होती, कानात बसावी अशी. रबराचा वायसर टाकला असता तर तो आवाज थांबला असता. म्हणजे उद्या पुन्हा त्याच्या दुकानात जायचं, आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो म्हणणार, समजलं, समजलं. नुसत्या त्या विचारानंच जमनीचं डोकं उठलं आणि ती दात खाऊन तांड्याचा चढ चढू लागली.