उन्हातल्या गाई आणि माझं डोहाळजेवण

मी गाभण गाईंवर संशोधन करत होते आणि नेमका तेव्हाच मला सातवा महिना होता. हा योगायोग माझ्या सासरच्यांनी पुरेपूर वसूल केला.

विषय तसा सोपा आहे, सोपा करून सांगायची ज्यांना खोड असते त्यांच्यासाठी तर फारच. गाय व्यायच्या आधी तिचं दूध आटवतात. त्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत तिने फार उकाडा सोसला, तर त्याचे परिणाम पोटातल्या कालवडीवर राहू शकतात. ती पुढे मोठी होऊन स्वतः व्याली तरी दूध कमी देते, आजाराला लवकर बळी पडते. जनुकं बदललेली नसतात. त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात, आणि कुठलं जनुक बोलेल, कुठलं गप्प बसेल हे त्या खुणा ठरवतात. असल्या खुणा नव्या वासरांच्या रक्तात सापडतात का, एवढंच मला शोधायचं होतं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. असतं तर नेदरलँड्समध्ये येऊन पीएच.डी. करत कशाला बसले असते?

माझा नवरा आयटीतला. सासरच्या व्हिडिओ कॉलवर त्याने मोठ्या अभिमानाने सगळ्यांना समजावलं, "हार्डवेअर तेच राहतं, सेटिंग बदलतं. आईला त्रास झाला की बाळाचं सेटिंग बिघडतं." माझी चार वर्षांची मेहनत त्याने दोन वाक्यांत उरकली, आणि वर माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

त्या दिवसापासून मी माणसांतून उठले. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न, "उकडत नाही ना गं?" बातम्या बघू नकोस, कोरोनाचे आकडे तर बघूच नकोस. वाद घालू नकोस (हे मी वाद घालत असतानाच). शेजारच्या कुणाच्या सुनेला गर्भसंस्काराच्या मंत्रांची फाईल आली होती. आम्ही बौद्ध, आमच्याकडे मंत्रांचं प्रस्थ नाही, म्हणून सासूबाईंनी परित्राणपाठाचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि पोटाला फोन लावून ऐकवायला सांगितलं. मी म्हणाले, "अहो आई, बुद्धांनी सगळं तपासून घ्यायला सांगितलंय." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तपासून बघ की. ऐकवल्याशिवाय कसं तपासणार?" अशा बाईपुढे काय बोलायचं!

उन्हाळा त्या वर्षी भलताच तापला. आल्मेरेतलं आमचं घर थंडीसाठी बांधलेलं, ऊन एकदा आत शिरलं की मुक्कामालाच राहायचं. दुकानांतले पंखे संपले होते. नवरा वरच्या खोलीत बनियनवर मीटिंगा करायचा, कॅमेऱ्यापुरता शर्ट चढवायचा. मी खाली ओला टॉवेल मानेवर टाकून बसायचे. आमच्या प्रयोगातल्या, पंखे नसलेल्या बाजूच्या गाई नेमक्या अशाच धापा टाकत उभ्या असायच्या.

आणि त्याच गाई आता व्यायला लागल्या होत्या. वासराचं रक्त पहिल्याच आठवड्यात घ्यायचं होतं. तो आठवडा गेला की गेला, वासरू काही माझ्यासाठी पुन्हा जन्मणार नव्हतं. माझ्या दोन सहकाऱ्यांपैकी एक विलगीकरणात, दुसरी विमानं बंद झाल्यामुळे तिच्या देशात अडकलेली. म्हणजे जायचं मलाच. रेल्वे, मग सायकल, मग गोठा. इथल्या सुईणीला विचारलं तर ती म्हणाली, सायकल चालवा, पाणी प्या, मास्क लावा. गोठ्याचा मालक दीड मीटर लांब उभा राहून वासरू धरायचा, म्हणजे वासराचीच लांबी मध्ये असायची.

मी गेले नाही तर माझा प्रबंध बुडत होता. गेले तर, सासरच्यांच्या मते, बाळ. आणि खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. संध्याकाळी पाय सुजले की गोठ्यातलं सगळं आठवायचं. पण ती भीती यांच्यासमोर कबूल केली असती तर त्यांनी मला घरात खुंट्यालाच बांधलं असतं.

अशात रविवारी डोहाळजेवण ठरलं, ऑनलाइन. आधी बुद्धवंदना झाली. मग मी हिरवी साडी आणि सुपरमार्केटातल्या शेवंतीचे दागिने घालून घाम पुसत बसले. दागिने नवऱ्याने शिवणाच्या दोऱ्यात ओवले होते, ते ओटीत गळून पडत होते. पडद्यावर पुण्याच्या घरातली गर्दी, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत लातूरहून माझी आई आणि आईची आई. सासरच्या लोकांपुढे त्या बोलत नाहीत.

मावससासूबाईंनी विषय काढलाच. "उद्या पुन्हा गोठ्यात जाणार म्हणे? या उन्हात? बाळाला काही झालं तर जबाबदार कोण? तुझंच शास्त्र सांगतंय ना, आईमुळेच होतं म्हणून."

"मावशी, मी गाय नाही!" मी ओरडले. एक शेवंती तुटून ताटातल्या खिरीत पडली. नवऱ्याने घाईने आवाज कमी केला, जणू त्याने माझाही कमी होणार होता.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकटीतून माझी आई बोलली. "मला एक विचारायचंय. बहात्तरच्या दुष्काळात मी आईच्या पोटात होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, खायला सरकारी सुकडी मिळेल तेवढीच. मला चाळिशीतच शुगर निघाली. ती त्यामुळे का गं?"

आजीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. "मंग म्या काय कराया पाहिजे व्हतं?"

एरवी मी कुणी काही विचारलं की "अजून सांगता येत नाही" म्हणायचे. शुगरचं तर खरंच सांगता येत नव्हतं. पण आजीचा प्रश्न शुगरचा नव्हता.

"काही नाही," मी म्हणाले. "आजी, वासरू बारकं निघालं तर आम्ही गाईला विचारत नाही, तू उन्हात का उभी राहिलीस म्हणून. ज्याचा गोठा त्याला विचारतो. सावली का नव्हती, पाणी का नव्हतं. तुला उपाशी ठेवलं त्यांनी उत्तर द्यायचं. तू कशाला?"

"आता मला गाय म्हनती व्हय?" आजी म्हणाली, आणि पुण्याच्या चौकटीत हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "उद्या जाताना डोक्यावर टोपी घाल. आणि पाण्याच्या दोन बाटल्या ने." काम सोडण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आजी मात्र अजून बहात्तर सालातच होती. तिचा आवाज चढला. "ही जन्मली तवा सासू म्हनली, पोर पोटातच वाळवलीस. पन्नास वर्सं व्हत आली. एवढं साधं व्हतं तर कुनी एका शब्दानं बोललं का न्हाई?" मग आईकडे वळून, "आन तू? तू कदी इचारलं का न्हाईस मला?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," आई म्हणाली.

"वाटतच व्हतं," आजी म्हणाली. "तुला शुगरची सुई टोचताना बघून रोज वाटत व्हतं."