शिवणकामवालीचा एवढासा डबा

कल्पना करा, समोर दीडशे माणसांची रांग आहे, शेजारी भाताची चार पातेली आहेत आणि तुमच्या हातात एकच डाव आहे. प्रत्येक जण घरून भांडं घेऊन आलाय. या मोफत जेवणाच्या स्वयंपाकघराचा नियम सोपा आहे: पुढे येईल ते भांडं काठोकाठ भरायचं, काही विचारायचं नाही.

अकरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईंना सगळे डावकाकू म्हणतात. भांडं बघितलं की घरात खाणारी तोंडं किती, हे त्या सांगू शकतात. हिशोब जुळत नव्हता तो फक्त मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईचा. घरात ती, सासू आणि दोन मुली, पण डबा एकाच्या न्याहारीपुरता. काकू डावाच्या पाठीनं भात दाबून दाबून भरायच्या. तरी मावणार किती?

महिनाभर त्या गप्प बसल्या. मग एका दुपारी तोंडून निघून गेलंच.

"अगं, चौघींच्या हे दाताला तरी लागतं का? उद्या पातेलं आण. लाजतेस कसली?"

मागचा रिक्षावाला म्हणाला, "काकू, मला नाही कधी असा आग्रह केलात."

"तुझी बादली रोज बघते मी. गप उभा राहा."

रांगेत हशा पिकला. शिवणकामवालीही हसली, डबा घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

चौथ्या दिवशी काकू मोठा डबा भरून तिच्या दारात गेल्या. आतलं मशीन थांबलं. दार अर्धंच उघडलं.

"आमची जेवणं झाली, काकू."

"शेगडीवर तर काहीच दिसत नाही."

"लवकर झाली आज."

तिच्यामागे उभ्या धाकटीची नजर डब्यावरून हलत नव्हती.

"पोरींसाठी तरी ठेव."

"नको म्हटलं ना." दार लागलं.

काकूंनी परत येऊन डबा ओट्यावर आपटला आणि थेट व्यवस्थापकाला गाठलं.

"घरात माणसं किती ते एकदाच लिहून घ्या आणि त्या मापानं भरलेले झाकणाचे डबे द्या. कुणी काय आणलं, हे रांगेला दिसायलाच नको."

"पुढच्या बैठकीत बघू."

"मागच्या वेळीही पुढचीच होती."

त्याने मान डोलावली आणि फोन कानाला लावला.

राग काकूंना त्याचाही आला, शिवणकामवालीचाही आला, पण सगळ्यात जास्त आपल्या जिभेचा. तो एवढासा डबा येत होता, तोवर निदान चार घास तरी त्या घरात जात होते.

अजूनही रांग संपली की काकू स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून घेतात, ती आली का म्हणून. मग पातेली घासणाऱ्या मावशीला विचारतात, "तूच सांग, त्या दिवशी मी काय बोलायला हवं होतं?"