टिटवी वरडली न्हाई

माझ्या कॅमेऱ्यात पाखरांचे लई फोटू हायत, पण त्यातल्या निम्म्यात नुसतं पाखराचं बूड हाय. मी येतोय हे त्यांना आधीच कळतं. एकतर माझी चाल म्हशीची, आन् त्यात मला गप बसता येत न्हाई. रांजणगावला कंपनीत मी गाडीत माल चढवतो. तिथल्या एका साहेबाला पाखरांचा नाद. त्यानं नवा कॅमेरा घेतला आन् जुना माझ्या गळ्यात घातला. मी दुसरीतनं शाळा सोडली, पण बटन दाबायला बाराखडी लागत न्हाई. साहेब माझे फोटू बघून म्हणायचा, "तू पाखरं काढतोस का पळवतोस?" सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मीच.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी मी मामाकडं गेलो. फटफटीवर न्हावऱ्यावरनं चौफुला, तिथनं पुढं दौंड, आन् दौंडच्या खाली भीमेच्या काठाला मामाचं गाव. तिथं नदी धरणाच्या फुगवट्यानं समुद्रावानी पसरलेली असती. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आन् काठाला नुसता गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडं खायला काठावरची पाखरं उतरतात. मामाचं सगळं भाऊबंद मेंढरं इकून ऊस लावून बसलं. मामानं तेवढी चाळीस मेंढरं ठिवली. म्हणतो, उसाला हाक मारली तर तो येतो का?

सकाळी सकाळी मी काठानं निघालो. मोठं पाणी पार लांब गेलं होतं. मधी एका खोलगटात एक डबरं मागं राहिलं होतं, नदीपासनं तुटलेलं. वारं अजिबात न्हाई. पाण्यावर एक तरंग न्हाई. कडंला पिवळा फेस, दोन-चार मासं पोट वर करून पडलेलं. वास येत होता, पण मला वाटलं माझ्याच बुटाचा.

डबऱ्याच्या कडंला शेकाट्या पाखरं हुभी होती. लाल काडीवानी पाय, काळं पंख, पांढरं पोट. दहा-बारा असतील. मी रांगायला लागलो, जसं साहेबानं शिकिवलं होतं. माझं धूड गाळातनं असलं सरकत होतं की बघणाऱ्याला वाटलं असतं रेडा फसलाय. पाखरं उडाली न्हाईत. वीस पावलांवर आलो, उडाली न्हाईत. दहावर आलो, तरी न्हाईत. माझी छाती फुगली. मनात म्हणलं, आज आपण साहेबाचा बाप झालो. एक शेकाट्या तर बसूनच होता. मी हुभा राह्यलो, त्याच्याजवळ जाऊन मोबाईलवर सेल्फी काढला. त्यानं नुसतं डोळ्यावर पांढरं कातडं ओढलं आन् परत सोडलं. मला वाटलं लाजतोय.

तिथनं वर येताना खड्यांमधी टिटवी बसली होती. खाली चार अंडी. टिटवीला कोण न्हाई ओळखत? अर्ध्या कोसावर माणूस दिसलं तरी बोंब मारून सगळं रान गोळा करती. अंड्यावर असली तर डोक्यावर झडप घालती. ती बी गप. मी तिचा फोटू घेतला, वाकून घेतला, बसून घेतला. तिनं चोच उघडली, पण आवाज आला न्हाई. मी तिला म्हणलं, "बाई, तू तरी माझी किंमत वळखलीस."

परत येताना पायवाटंवर मामी मेंढरं घेऊन येताना दिसली. ऊन तापलं होतं, मेंढरांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. मामी म्हणली, "मोठ्या पाण्यापतुर जाया नगं वाटतंय. त्या डबऱ्यावर पाजू का? तू तिकडनंच आलास नव्हं? कुत्री-बित्री हायत का?"

"कुत्री कशाची मामी! असलं शांत हाय, पाखरूसुदिक उडत न्हाई. न्या बिनघोर."

"तू म्हणतोस तर नेती," असं म्हणून मामी वळली.

मी शीळ घालत मामाच्या वाड्यावर आलो. वाडा म्हंजी मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण. मामा बाभळीखाली भाकरी खात बसला होता. मी कॅमेरा त्याच्या नाकाला लावला.

"बघा मामा. एवढ्या जवळनं साहेबाला तरी फोटू घावला असता का?"

"चष्मा न्हाई. तूच सांग काय हाय ते. न्हाईतरी तू गप थोडाच बसणार."

मी तिखट-मीठ लावून सांगितलं. शेकाट्या कसा लाजला, मी कसा रांगलो. मामा हसला, ठसका लागला त्याला. मग मी म्हणलं, "आन् टिटवी तर आंड्यावर बसल्याली. मी वरनं वाकलो तरी एक शब्द बोलली न्हाई!"

मामाचा घास तोंडातच राह्यला.

"अंडी होती खाली?"

"चार."

"आन् वरडली न्हाई?"

"न्हाई ना! तेच तर—"

"कुठं?"

"त्या डबऱ्यावर. मामीला पण तिकडंच धाडलं की मी."

मामा उठला. भाकरी मांडीवरनं मातीत पडली, ती बी त्यानं बघितली न्हाई. सत्तरीचा माणूस, पायात वहाण न्हाई, तापल्या खड्यांवरनं असा पळाला की मी मागं पडलो. कॅमेरा माझ्या छाताडावर दणादण आपटत होता. पळता पळता मामा एवढंच म्हणला, "टिटवी मरायच्या आधीच गप पडती, येड्या. पाणी बाधलंय तिला."

चढावर आलो तर खाली डबरं दिसलं. मेंढरं उतारावर होती. म्होरली पाण्यात गेली होती, माना खाली. मामानं तिथनंच हाक दिली, जिभेनं टाळूवर कसला तरी आवाज काढून. मागली मेंढरं थांबली. वळली. म्होरल्यांनी डोकी वर केली न्हाईत. ताहान माणसाला ऐकू देत न्हाई, मेंढराला कशी ऐकू देईल? मामानं गाळात उतरून त्यांना एकेकाला मानगुटीला धरून ओढलं. सात पाण्यात होती. सातांचीबी तोंडं वली होती.

मामी काठाला हुभी होती. शेकाट्या पाखरं अजून तिथंच होती. आता त्यातली चार आडवी पडली होती.

सात मेंढरं मामानं बाभळीखाली येगळी बांधली. मला म्हणला, "बस हितं. बघायची हौस हाय ना तुला. बघ." मी बसलो. माझ्या तोंडात दोन-तीन इनोद आले, गिळले. दिवस कलला तसे एका मेंढीचे मागचे पाय मुडपले. ती उठायचा यत्न करायची, पुढचा अर्धा उठायचा, मागचा न्हाई. मग दुसरी.

तालुक्याचा जनावराचा डाक्टर आला, सुया दिल्या, बाटलीत डबऱ्याचं पाणी घेऊन गेला. काय होतं त्या पाण्यात ते अजून कुणी सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारपतुर सातातली तीन गेली. खड्डा मी खणला. मामी बोलली, रागानं न्हाई, अगदी साध्या आवाजात. "म्या तुला इचारलं म्हणून नेली रं. न्हाईतर लांबच्या पाण्यावर गेली असती."

मी फावड्यानं खड्ड्यावर माती वढत राह्यलो. मी, ज्याला मयतीत बी इनोद सुचतो.

तिसऱ्या दिवशी उरलेली मेंढरं पाण्यावर न्यायची होती. पाणी चांगलं असलं तर हात वर करीन म्हणून मामा म्होरं गेला, एकटा. मी आन् मामी मेंढरं अडवून मागं थांबलो. लांब मोठ्या पाण्याच्या कडंला मामा हुभा राह्यलेला दिसत होता. खाली वाकला, ओंजळीत पाणी घेऊन नाकाजवळ नेलं, मग बराच येळ नुसता आभाळाकडं आन् काठावरच्या पाखरांकडं बघत राह्यला. मेंढरं तानेली, म्होरं धाव घेत होती. मी तिकडं बघून म्हणलं, "पाणी चांगलं वाटतंय." मामीनं माझ्याकडं बघितलं न्हाई. ती मामाचा हात वर व्हायची वाट बघत होती.