लंगडणं लपवणारी मेंढरं

तरुणपणी मी पांढरा कोट घालून मेंढ्या चालवायची. हसू नका, नोकरीच होती तशी. बी.एस्सी. झालेली, औरंगाबादेत एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेली. अक्कल कोटाच्या खिशात पेनाशेजारी खोचलेली असायची, सहसा बाहेर निघायची नाही.

गुडघ्याची झीज कशी वाढत जाते, ते आमच्या सरांना पाहायचं होतं. माणूस काही गुडघा उघडून पाहू देत नाही, म्हणून मेंढ्या. एका मागच्या पायाच्या गुडघ्यातली चकती कापून काढायची, म्हणजे हाडावर हाड घासून झीज सुरू होते, मग दर आठवड्याला बोळातून चालवून लंगडण्याला मार्क द्यायचे. नीट चालली तर शून्य, पाय टेकलाच नाही तर चार. काही महिन्यांनी मारून गुडघा उघडायचा. मी बोळाच्या तोंडाशी राणीसारखी उभी राहायची आणि शून्यावर शून्य टाकायची. सर चक्रावले. उघडलेले गुडघे झिजलेले निघत होते आणि माझ्या रजिस्टरात मेंढ्या ठणठणीत.

एकदा माझा विसरलेला डबा घेऊन आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मेंढपाळाची लेक, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतही करमाडकडच्या रानात कळप घेऊन हिंडलेली. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या,

"तू आधी समोरून हल. तुला बघून ताठ चालत्यात ती. लंगडं दिसंल त्यालाच लांडगा आधी धरतो, हे मेंढराला ठावं असतंय. भिंतीआड हो, मग बघ."

भिंतीआड झाले. जरा वेळानं एकेक मेंढी पाय उचलून धरायला लागली. सरांनी माझ्या निरीक्षणशक्तीचं कौतुक केलं, मी ते पेढ्यासारखं गिळलं. कुणी शिकवलं ते सांगायचं राहिलं. अजून राहिलंच आहे.

घरी मात्र मी समोरच उभी. "आत्याबाई, गुडघे दुखतात का?" असं विचारायची, संशोधक सून ना मी! त्या "नाय" म्हणायच्या. झालं, शून्य.

पुढं पुढं त्या पंगतीत बसायचं टाळायला लागल्या. मागून खाते म्हणायच्या. मला वाटलं, मानपानाचं खूळ. माझ्या भावाच्या लग्नात, माहेरच्या बायकांसमोर मी टोमणा हाणला, "आत्याबाई, मांडी घालायलापण मूळ धाडून बोलवायचं का?" बायका हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

त्या बसल्या. मांडी घालून, बुंदी वाढेपर्यंत बसल्या. मग उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून उभं केलं, तेव्हा त्यांनी ओठ इतका चावला होता की रक्त आलं होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मला तो समजावून सांगायची गरज नव्हती. दोन हाडांमध्ये फट उरली नव्हती. किती दिवसांपासून दुखतंय, त्यांनी विचारलं. आत्याबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "असंल धा वर्सं." माझ्या लग्नाला तेव्हा आठ झाली होती. आधी आणलं असतं तर पुष्कळ सांभाळता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते माझ्याकडं बघून म्हणाले की फोटोकडं, ते मी पाहिलं नाही.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, तुझ्या त्या मेंढ्यांचं पुढं काय झालं? मी खरं ते सांगितलं. मारल्या, गुडघे उघडून पाहिले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या गुडघ्यात तरी कुणी वाकून बघितलं."

त्यानंतर बाजेपासून दारापर्यंत, एवढंच त्यांचं रान उरलं. सात वर्षं.

आता माझे गुडघे कुरकुरतात. सून मोबाईल हातात धरून समोरून विचारते, "आई, दुखतं का?" मी "नाय" म्हणते आणि ती खोलीबाहेर जाईपर्यंत ताठ उभी राहते. भिंतीआड व्हायचं मी तिला शिकवलेलं नाही. मला तरी कुठं जमलं होतं.