लाल गाडीच्या पाईपातली चिंधी

उकंडराव भाजीवाले. शिरपूर जैनच्या वेशीबाहेर त्यांचा वांगी-मिरचीचा मळा आहे. माणूस प्रेमळ, पण विश्वास टाकण्याच्या बाबतीत फार चिकट. विहिरीचे पाणी गोड आहे असे मी म्हटले, तर मी आधी कुठले पाणी पिऊन आलो ते विचारतील. अशा माणसाच्या मुलीने, वैष्णवीने, जऊळक्याच्या गॅरेजवाल्या पवनशी लग्न करायचे ठरवले होते, आणि वडिलांच्या होकारावर सगळे अडले होते.

मे महिन्यातल्या एका रविवारी पवन बोलणी करायला आला. त्याने पुण्याहून अपघातातली, दोन माणसांची, बुटकी लाल स्पोर्ट्स कार आणून स्वतः दुरुस्त करून उभी केली होती. शेजारी म्हणून मलाही जेवायला बोलावणे होते.

"झाकण उघड," उकंडराव म्हणाले. बैल घेताना दात पाहावेत तसे ते वाकले. समोरच्या बंपरखालून एक जाड काळा पाईप इंजिनाकडे गेला होता.

"हा कायले?"

"मामा, झाकनाखालची हवा तापते. गरम हवा ओढली का इंजिन सुस्तावते. म्हनून बाहेरची थंड हवा सरळ फिल्टरले देली."

"कंपनीवाल्याइले नाही समजलं हे?"

"त्याइनं शिरपूरचा मे महिना कुठी पाह्यला?"

मी हसलो. उकंडराव हसले नाहीत. "जेवन झालं का चालवून दाखव."

जेवणे झाली. दोघे गाडीत बसून निघाले. पुढचे दोघांनी मला वेगवेगळे सांगितले, पण एवढे जुळते: मळ्याच्या वाटेवर गाडी हळू होती म्हणून काही कळले नाही. सडकेच्या चढावर पवनने वेग द्यायला पाय दाबला, तसा तिचा जीव गुदमरला. मंदिराच्या वळणावर, बसमधून उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या समोर, ती बंद पडली.

"थंड हवा म्हने!" उकंडराव उतरून म्हणाले. "गाडीचं खोटं निंगालं, तं पोट्ट्याचं खरं कायवरून धरू?"

पवनने झाकण उघडले. त्याने फिल्टरपासून पाईप सोडवला, गाडी सुरू केली. ती छान गुरगुरली. मग तो पुढे जाऊन बसला, बंपरखाली हात घातला आणि पाईपाच्या तोंडातून निळ्या लुगड्याची घट्ट कोंबलेली चिंधी ओढून काढली.

त्याने ती उकंडरावांपुढे धरली. "मामा, नाही म्हनाचं होतं तं तोंडानं म्हना लागत होतं."

आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या या माणसावर पहिल्यांदाच कुणी संशय घेतला होता. परत येताना गाडी वाऱ्यासारखी आली. उकंडराव उतरले ते चिंधी घेऊन तडक स्वयंपाकघराच्या दाराशी.

"हे कोनं केलं?"

त्यांच्या बायकोने, सोजरबाईंनी, भांडे घासता घासता चिंधीकडे पाहिले. "मीनं. तुमी जेवत होते तवा. पाईपाचं तोंड उघडं दिसलं. उंदीर घुसला असता तं?"

मळ्यातल्या प्रत्येक पाईपाचे तोंड ती माउली अशीच चिंधी कोंबून बंद करते. उघडे राहिले की उंदीर घर करतात, आणि ऐन पाण्याच्या वेळी पाईप तुंबतो.

सगळ्यांत आधी वैष्णवी हसली. पवनने मान खाली घातली. "मामा, मी भलतंच बोललो."

"बोलला ते बरं झालं," उकंडराव म्हणाले. "मनात ठेवून गेला असता तं मले पटला नसता. पाईपाच्या तोंडाले बारीक जाळी लाव. अन् तुह्या घरच्याइले पाठव, तारीख पाहू."

पवन आनंदाने गेला. लाल गाडी वळणाआड होईपर्यंत उकंडराव बांधावर उभे होते. मग हळूच बायकोजवळ आले.

"खरं सांग. तुले कोनी सांगतलं तं नव्हतं ना कोंबाले?"

"सांगतलं," सोजरबाई म्हणाल्या, "उंदरानं."